फोडलेलं डफडं

बाबा, जयभीम.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही न वाचताच फाडसान.

इथं अमेरिकेत मी काळ्या लोकांची कला शिकून राह्यली. गुलामांचे ढोल मालकांनी हिसकून घेतले होते, म्हणून ढोल वाजवणं म्हणजे बंड, असं वर्गात शिकवलं. मले वाटलं, आपलंही तसंच असन. उन्हाळ्यात महागावले घरी आली तवा दिग्रसहून डफडं घेऊन आली. अंगणात थाप मारली, अन् तुम्ही तेच डफडं फुटेस्तोवर माह्या पाठीत हाणलं. आई मधात पडली, तिचा ओठ फाटला.

"पाटलाच्या मयतीत वाजवत नाही म्हटलं, तर माह्या बापाचं मनगट कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठेचलं," तुम्ही ओरडले, "अन् तू हे इकत घेऊन घरात आणते?"

त्या गुलामांच्या हातातून ढोल हिसकला, आपल्या हातात कोंबला. एवढं साधं मले पाठ सुजल्यावर कळलं. पण आईच्या ओठासाठी तुमाले माफी नाही.

काल इथल्या शिकवणाऱ्या बाईंनी कुठून तरी मागवलेलं डफडं वर्गात माह्या हाती दिलं. प्रेमानं म्हणल्या, "तुझ्या लोकांसारखं वाजवून दाखव."

मी ते टेबलाच्या कोपऱ्यावर आपटत राह्यली, कातडं फाटेस्तोवर, कडं मोडेस्तोवर. हात रक्तानं भरले. तुमच्यासारखीच ओरडत होती मी.

मंग सगळे उठून उभे राह्यले अन् टाळ्या वाजवू लागले.

तुमचीच,
उर्वशी