उजवीकडं सरकलेली तारीख

प्रिय निकिता,

फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी तुझ्या सासूबाई बसलेल्या असतात. मी काही म्हटलं की तुझ्याआधी त्याच हुंकार देतात. म्हणून पत्र. हे तू एकटीनंच वाच.

इकडं मुरुमला सगळं बरं आहे. पप्पांचा गुडघा तसाच, आणि औषध घ्यायचा कंटाळाही तसाच. तुझ्यासाठी मागच्या खोलीला चुना मारून घेतला होता, बाज कसून घेतली होती, माझ्या दोन जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. मग गेल्या महिन्यात तुझा फोन आला, की डॉक्टर तुमच्या तालुक्याचे, वाशीतलेच, मुरुमचा रस्ता लांबचा, तर बाळंतपण इथंच करते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी तुला सांगायला पाहिजे का? रस्त्याचं मला पटलं. पण सांगताना तुझा आवाज लई मोकळा होता गं, ते काही पटलं नाही. पप्पा म्हणतात, खोली रिकामीच आहे तर सोयाबीनची पोती ठेवू. मी कुलूप लावून किल्ली कनवटीला लावलीय.

त्याच आठवड्यात अंगणवाडीचं काम निघालं. तीन वर्षं पूर्ण झालेली पोरं वेगळी काढून द्या म्हणून वरून निरोप आला. तू ठेवून गेलेल्या लॅपटॉपवर बसून मी सगळ्यांच्या जन्मतारखा शीटमध्ये भरल्या, आणि वय काढायला गेले तर प्रत्येक कप्प्यात चूक. क्रमानं लावून बघितलं तर आधी एक तारखेची पोरं, मग दहा तारखेची, आणि दोन तारखेची कुठंतरी पार खाली. तुला फोन केला तर तू म्हणालीस, आई, मला आता बसवत नाही, सासूबाईंना विचार, त्यांना येतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं अंगणवाडीत मी काढली, आणि विचारायचं कुणाला तर विहीणबाईंना. त्यांनी हे सगळं शिकून घेतलं ते गोठ्यातल्या म्हशींसाठी, कुठली कधी गाभण राहिली आणि कधी विणार ते लिहायला. आणि त्यांना शिकवलं कुणी? तू. मला शिकवायला बसलीस की दोन मिनिटांत म्हणायचीस, आई, दे इकडं, मीच करते. त्यांच्याशेजारी मात्र दुपारच्या दुपार बसलीस.

शेवटी विचारलं. अडला हरी, दुसरं काय. दैवशालाबाईंनी व्हिडिओ कॉल केला आणि शीट बघून म्हणाल्या, ताई, तुम्ही तारखेत टिंबं दिलीत, त्यामुळं मशीनला ती तारीख वाटतच नाही, नुसती अक्षरं वाटतात, म्हणून ती कप्प्यात डावीकडं चिकटून बसलीत. टिंबांच्या जागी तिरप्या रेघा एकदमच बदलून घ्या. उजवीकडं सरकली की तारीख झाली समजा. बदललं. अर्ध्या सरकल्या, अर्ध्या जागच्या हलल्या नाहीत. आणि सरकलेल्यांत आमच्या मदतनीस शिवम्माची नात, आठ सप्टेंबरची, ती नऊ ऑगस्टला जाऊन बसली. तिच्या बारशाची खीर खाल्लीय मी, मला फसवतंय होय? लगेच बोलून दाखवलं. विहीणबाई चमकल्या. मशीन परदेशी रीतीनं महिना आधी वाचत होतं. त्यांनी सगळं मागं घ्यायला लावलं, सेटिंगमध्ये भारत निवडायला लावलं, आणि मग पुन्हा बदललं तर झाडून साऱ्या तारखा उजवीकडं. पोरं वयाप्रमाणं ओळीनं उभी राहिली. त्या म्हणाल्या, ताईंची नजर लई पक्की. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच जास्त राग आला. बाई वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

कॉल संपायच्या आधी तू मागून आलीस आणि त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून मला बघून हसलीस. माझ्या खांद्यावर अशी शेवटची कधी टेकली होतीस ते मला आठवेना. जळले मी, निकिता. त्याला दुसरा शब्द नाही.

कॉल संपल्यावर शीटच्या तळाशी, रिकाम्या ओळीत, डॉक्टरांनी तुला दिलेली तारीख लिहून बघितली. पहिल्या दमात उजवीकडं सरकली. जरा वेळ राहू दिली, मग पुसली, कारण तू आता आमच्या अंगणवाडीच्या हद्दीत येत नाहीस.

तर पत्राचं कारण. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरी जेवायचं नाही, ही आपली रीत, म्हणून आजवर तुझ्याकडं मी पाण्यालासुद्धा थांबले नाही. ती रीत आता मीच मोडते. खोलीची किल्ली पप्पांना दिलीय, रजा टाकलीय, दुपटी पिशवीत भरलीत. मला तिकडं राहू देतील का, ते दैवशालाबाईंना विचार. लाडू त्यांनी करावेत, शेगडी त्यांनी पेटवावी, बाळाला आधी मांडीवरही त्यांनीच घ्यावं, मी आडवी येणार नाही. फक्त बाळाचं पहिलं न्हाणं माझ्या पायांवर होऊ दे. माझ्यानं हे त्यांच्याकडं मागवत नाही. तू मागून दे.

तुझीच,
त्यांच्या आधीपासूनची,
आई