काठ धर

नागापूर
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६
सकाळी सव्वानऊ

प्रिय पप्पा,

सलाम. तुम्ही आणि मम्मी आत्ता चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर असाल. मी बरा आहे. मम्मीनं झाकून ठेवलेले पोहे खाल्ले, सिलिंडर बंद केलाय.

माझं सगळं कधी बदललं, हे मम्मी रोज विचारते आणि मी रोज ताटावरून उठतो. तर आधी तेच लिहितो. बारा जानेवारीला, सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास एका पोलिसानं मला एक प्रश्न विचारला आणि मी मान हलवली. तोंडानं शब्दसुद्धा बोललो नाही. नुसती मान. प्रश्न काय होता ते पुढे येईल. सरळ तिथूनच सुरू केलं तर मी हे पान फाडून टाकीन, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

त्याआधी बुधवारचं. तुम्ही पहिल्या पाळीवरून आलात, तहानलेले होतात, खिडकीतली बाटली तोंडाला लावली आणि चूळ थुंकली. मिठाचं पाणी कुणी भरून ठेवलंय म्हणत मोरीत ओतायला लागलात. मी जो झडप घालून तुमचा हात पिरगाळला, त्याचं काय सांगू. तुमच्या मनगटाला अजून पट्टी आहे. तुम्ही ओरडलाही नाहीत. मम्मीला एवढंच म्हणालात, "त्याला सांग, पाण्यापायी बापावर हात टाकत नसतात." माफी मागतो, पप्पा. ते पाणी माझं नव्हतं.

एकाच घरात राहून पत्र लिहितोय. पण नोव्हेंबरात मी डिप्लोमा सेकंड इयरला सोडला, लॅबमध्ये सरांच्या अंगावर धावून गेलो, तेव्हापासून आपण मम्मीच्या तोंडूनच बोलतो. 'पप्पांना सांग', 'त्याला सांग'. मम्मीचा नुसता पोस्टमन झालाय. हे मात्र तिच्या हाती द्यायचं नाहीये.

उद्या सात वाजता तुमच्या ओळखीच्या ठेकेदाराकडे मला हजर व्हायचं होतं. त्यांना सांगा, दोन-चार दिवस उशीर होईल. कदाचित जास्त. कामाला नको म्हणत नाहीये.

डिसेंबरअखेर मित्रांबरोबर गोव्याला जातो असं सांगून गेलो होतो. मित्र कुणी नव्हते. दार आपटून निघालो आणि जी गाडी लागली होती तिच्यात बसलो, एवढंच. दक्षिण गोव्यात एक हॉस्टेल मिळालं, एका खोलीत आठ जण, वरखाली पलंग. तीन दिवस कुणाशी बोललो नाही. चौथ्या दिवशी दुपारी माझ्या वरच्या पलंगावरून आवाज आला. कुणीतरी फोनवर बोलत होतं.

"व्हय आये, जेवलो. न्हाई, माशे न्हाई खाल्ले. अगं वासानं काय माळ बाटती व्हय?"

पप्पा, सगळीकडे इंग्रजी आणि हिंदी, त्यात हे ऐकून मी उठून बसलो. तो करण. खर्ड्याचा, आपल्याच जिल्ह्यातला. पुण्यात कुठल्या तरी गोदामात कामाला होता, पंधरा दिवसांची रजा साठवून समुद्र बघायला आलेला. गळ्यात तुळशीची माळ. आईच्या गळ्यातली आणि त्याच्या गळ्यातली एकाच दिवशी घातलेली. मांस-मच्छी नाही, दारू नाही, आईला शब्द दिलेला. बॅगेत शेंगदाण्याची चटणी एवढी, की हॉस्टेलमधल्या दोन परदेशी पोरांनी पावाला लावून अर्धा डबा संपवला. मी त्याला महाराज म्हणायचो. मी नागापूरचा कळल्यावर त्यानं मला एमायडीसी नाव ठेवलं. "ए एमायडीसी, भोंगा झाला, ऊठ," असं सकाळी उठवायचा.

तिथंच मधुवंती आणि पंकजा भेटल्या, नाशिकच्या मैत्रिणी. चौघं मिळून खाली निघालो. काणकोण, कारवार, गोकर्ण. पाठीवर बॅगा, कधी एसटी, कधी मासळीच्या टेम्पोत मागे. वाळूत बसून शहाळी प्यायची, कपडे दोरीवर वाळायच्या आत पुढचं गाव धरायचं. कुणी विचारत नव्हतं कितवीला आहेस, पुढं काय करणार. लई हलकं वाटायचं. मधुवंती चालता चालता मागे वळून बघायची, मी येतोय का. तेवढ्यावर मी काय काय बांधून बसलो, ते तुम्हाला लिहायची लाज वाटते. मम्मीला वाटतं पोरगं पोरीपायी झुरतंय. निम्मं खरं आहे. निम्म्यापायी कुणी एवढं गप्प होत नाही.

करण समुद्राला घाबरायचा नाही, पण आत गुडघ्याच्या पुढे जायचा नाही. आम्ही दोघं विहिरीत पोहायला शिकलेलो. तो पाठीला सुकलेला भोपळा बांधून, मी पत्र्याचा डबा बांधून. त्याला राहात्याची आजोळची विहीर सांगितली. तुम्ही पायरीवर लुंगी खोचून उभे राहायचात ते सांगितलं, आणि तुम्ही काय ओरडायचात तेही. "दम लागला की काठ धर! बाकी काय नको, काठ धर!" तो हसायला लागला. म्हणाला, त्याचे चुलतेही हेच ओरडायचे. मग आमचं ते चालूच झालं. चढावर दम लागला की तो म्हणायचा, एमायडीसी, काठ धर.

पहिल्याच दिवशी त्यानं लिटरच्या बाटलीत समुद्राचं पाणी भरलं होतं. "आयनं समुद्र पाह्यला न्हाई. चव तरी बघंल." त्याच्या बॅगेत चटणी सांडली म्हणून बाटली माझ्या बॅगेत होती. तीच खिडकीतली.

गोकर्णाच्या पुढं एक लहान गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही.

अकरा तारखेला, रविवारी, दुपारी मी मधुवंतीला विचारलं. ती चिडली नाही, हसलीही नाही. म्हणाली, योहान, तू प्रवासातला मित्र आहेस, यातून दुसरं काही काढू नकोस. एवढं नीट कुणी नाही म्हणत नसेल. पण मला ते नीट बोलणंच झोंबलं. त्या दोघी खोलीवर सामान भरायला गेल्या. मी एका टपरीवर बसून तीन बिअर प्यायलो. हो, मी पितो. करण समोर बसून लिंबू सरबत पीत होता आणि मला समजावत होता. मी त्याला म्हणालो, तू गप रे, विहिरीतला बेडूक तू, गुडघाभर पाण्यात उभा राहणारा मला काय शिकवतो. मग शर्ट काढला आणि सरळ समुद्रात घुसलो. मरायला नाही, पप्पा. रागानं. दार आपटतो तसा गेलो.

खूप आत गेल्यावर लक्षात आलं की मी पोहत नव्हतोच, पाणीच मला ओढून नेत होतं. मागे वळलो तर करण येत होता. अंगात टीशर्ट तसाच. मला परत न्यायला.

तो माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्याला धाप लागलेली. दोघंही ओढीत सापडलो. डोळ्यांत मीठ, किनारा समोर दिसतोय आणि जवळ येत नाही. तो घाबरला. माझ्या नावानं हाक मारली, एमायडीसी नाही, योहान म्हणाला. आणि मी ओरडलो,

"काठ धर! करण, काठ धर!"

त्यानं ऐकलं. मान खाली घालून सरळ किनाऱ्याकडे हात मारायला लागला. जीव खाऊन. मी तेवढंही केलं नाही. माझ्या अंगात दारू होती, हात चालेनात, मी उताणा पडलो आणि सोडून दिलं. पाण्यानं मला आडवं, लांब खडकांच्या बाजूला नेलं, तिथं मासेमारीच्या होडीनं उचललं. करण त्या ओढीच्या तोंडाशी सरळ भिडत राहिला. सोमवारी पहाटे सापडला.

त्या होडीवाल्या म्हाताऱ्याला माझी भाषा येत नव्हती. त्यानं नुसता हात दाखवला. आधी समोर दाखवून नाही म्हणाला, मग हात आडवा नेला. काठाकडे नाही जायचं. आडवं जायचं. समुद्रात काठ धरायचा नसतो.

आता प्रश्न. पोलिसाला मराठी येत नव्हती, मोडक्या हिंदीत विचारत होता. माझ्या तोंडाला वास येत होता हे होडीवाल्यानं त्याला आधीच सांगितलं होतं. त्यानं विचारलं, दोघंही प्यायलेले होते का? मी मान हलवली. हो.

का हलवली ते मला पक्कं माहीत आहे. मी एकटाच प्यायलो होतो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग तो पाण्यात कशाला गेला? दोघं प्यायलेले म्हटलं की प्रश्न संपतो. त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. नंतर मधुवंतीनं मेसेज केला, करण तर ताकसुद्धा वास घेऊन प्यायचा, तू असं का सांगितलंस? मी तिला ब्लॉक केलं. माझं प्रेम एवढंच होतं बघा.

त्याचे चुलते न्यायला आले तेव्हा मी खोलीतून बाहेर आलो नाही.

दोन फेब्रुवारीला फोन आला. तुम्ही समोरच बसला होतात, मम्मीकरवी विचारलंतही, कुणाचा होता. मी राँग नंबर म्हणालो. करणची आई होती. केशरबाई. मुलाच्या मोबाईलमधून नंबर काढलेला. म्हणाली, "बाळा, तू एमायडीसी का?" मी हो म्हणालो. तिनं माझी विचारपूस केली. पोटात पाणी गेलं हुतं का, आता बरा हायेस का, आई-बाप हायेत ना. मग म्हणाली,

"येकच इचारते. त्यानं खरंच घेतली हुती का रं? कागदावर तसंच हाय म्हनत्यात. मी माझी माळ उतरून देवापुढं ठिवलीय. पोरानं शब्द मोडला म्हनल्यावर कोनत्या तोंडानं घालू?"

मी फोन कट केला. पप्पा, मी एका बाईचा मुलगा नेला आणि वरून तिच्या गळ्यातली माळ काढली. पुन्हा तिचा फोन आला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

वीस दिवस झाले. आधी वाटलं फोनवर सांगावं. मग वाटलं, मान हलवून केलेलं फोनवर फिटत नाही. खर्ड्याला जाऊन तिच्यासमोर बसून सांगावं लागेल. तो सरबत पीत होता. माझ्यामागे आला. शब्द मोडला नाही. तिथले लोक मला मारतील किंवा पाणी देतील, जे करतील ते. तिथून पुढं त्या समुद्राकाठच्या गावी जाऊन जबाब बदलणार आहे. खोटा जबाब दिला म्हणून काही झालं तर होऊ दे. मम्मीला एकदम सांगू नका, बसवून सांगा.

राहिलं एक. त्यासाठीच सहा आठवडे हे पत्र लिहिलं नाही. हे वाचताना तुम्हाला राहात्याची विहीर दिसणार, आणि ते शब्द तुमचे होते हे तुमच्या लक्षात येणार. तुम्ही कुणाला बोलणार नाही, कारखान्यात लेथ मशीनवर उभे राहून मनात उगाळत बसाल. म्हणून आधीच सांगतो. तुम्ही मला विहिरीत शिकवलंत. विहिरीला चारी बाजूंनी काठ असतो. तिथं ते खरंच होतं. त्या शब्दांनी मी लहानपणी दोनदा वाचलोय. ते समुद्रात मी नेले, चुकीच्या जागी, दुसऱ्याच्या लेकराला सांगितले. ओझं माझं आहे. तुम्ही उचलायचं नाही.

बाटली घेऊन चाललोय. अर्धी उरलीय. तुम्ही ओतलंत त्याचं वाईट वाटून घेऊ नका, चव बघायला अर्धी पुष्कळ.

अकराला जामखेडची एसटी आहे, तिथून पुढं खर्डा. तुम्ही यायच्या आत निघतो. समोर आलात तर मी रडेन, नाहीतर भांडेन, दुसरं मला येत नाही. येईल हळूहळू. मनगटाची पट्टी आज बदला, मलम कपाटावर काढून ठेवलंय.

चावी शेजारी देऊन जातो. डिसेंबरात दार असं आपटून गेलो होतो की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं, मम्मीनं सांगितलं. आज दोन्ही हातांनी धरून ओढून घेतो. कडीचा आवाजसुद्धा होणार नाही.

तुमचा,
योहान स्टीफन भिंगारदिवे
(पूर्ण नाव लिहिलंय. नव्या जबाबाखाली हीच सही करणार आहे.)