पाव कॉकवरची खीर

सातपूर, नाशिक
वैशाख पौर्णिमेचा दुसरा दिवस

आदरणीय लताआक्कांना धाकट्या भावाचा, प्रफुल्लचा, मनापासून जयभीम.

तुमचे गुडघे, दाजींचा खोकला आणि कांदाचाळीतला कांदा हे सगळे बरे असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे खुशाल. मी तर जरा जास्तच खुशाल, कारण काल अख्ख्या कॉलनीदेखत तुमच्या भावाचा शब्द खरा ठरला.

घरात पाइपचा गॅस आला तेव्हा आमची टाकी आणि मोठी शेगडी मी तुमच्याकडे चांदवडला पोचवली, हे आठवत असेलच (सोबत तासभर भाषण केलं असं दाजी म्हणतात; तेवढं नव्हतं). पण नंतर पेपरात वाचलं, की हा गॅस जमिनीच्या पोटात तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात आणि आपण तो दुपारच्या चहापायी फुंकून टाकतो. आपल्याकडचा पुरत नाही म्हणून परदेशातून जहाजानं आणावा लागतो! कारखान्यात उभा जन्म गळती शोधण्यात गेलेल्या माणसाला हे सहन होईल का? मी कुणाला न विचारता मीटरजवळचा कॉक पाऊण बंद केला. आक्का, अभिमानानं सांगतो, फेब्रुवारीपासून आमचं घर पाव गॅसवर चाललंय. डाळ तशीच शिजते, भाकरी तशीच फुगते, साधनाला पत्तासुद्धा नाही. गॅस संपणार हे मात्र मी भेटेल त्याला सांगत होतो (कॉकचं गुपितच ठेवलं). लोक मला बघून गल्ली बदलायला लागले होते.

विहारातली पौर्णिमेची खीर दरवर्षी सावळीराममामा लाकडाच्या चुलीवर करतात. यंदा ती मी मागून घेतली. आमच्या गल्लीत पाइप अजून आमच्याकडेच आलाय, तेव्हा मान आमचाच. पातेलं चढवलं, मीटरला पंचशीलाची पताका बांधली आणि कॉकला पाठ टेकून आल्यागेल्याला भूगर्भ समजावून सांगू लागलो. दुपार कलली तरी दुधावर साय धरेना. साधना सारखी म्हणत होती, जरा बाजूला व्हा; पण मी व्याख्यान रंगात आलेलं सोडून कसा होणार? शेजारच्या सिंधुबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "भाऊ, हे दूध तापतंय का नुसतं ऊन खातंय?"

वंदनेची वेळ जवळ आली. लेकरं वाट्या घेऊन बसणार आणि मी काय वाढणार? तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोष कॉकचा नव्हेच, इतके महिने त्याच्यावरच सगळं शिजलंय. म्हणजे गॅसच संपत आला! मी तिथल्या तिथे तसं जाहीर केलं.

मग बायकांनी पातेलं वाटून घेतलं आणि आपापल्या घरी टाकीच्या गॅसवर शिजवून आणलं. कुणी वेलदोडा घातला, कुणी जायफळ, कुणी दामटून गूळ. सिंधुबाईंची जरा तळाला लागली. सगळं एकत्र केलं, आणि काय चव आली म्हणून सांगू! सावळीराममामांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. परतताना लोक म्हणत होते, भाऊ सांगत होते ते खोटं नव्हतं. दोघांनी तर पाइपसाठी दिलेला अर्ज मागे घ्यायचं ठरवलंय. माझी छाती अजून खाली आलेली नाही.

दाजींना जयभीम, सृष्टीला आशीर्वाद.

तुमचा,
प्रफुल्ल

ता. क. तुमच्या गावच्या किशोरचा टेम्पो कांदा घेऊन नाशिकला येईल तेव्हा आमची टाकी आणि शेगडी परत पाठवा. गोणपाटात गुंडाळून. मी दिलेलं परत मागणारा माणूस नाही, पण देशावर वेळ आली आहे. पुढच्या वर्षीची खीरही मीच मागून घेतली आहे.

ता. क. (साधनाकडून) आक्का, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. तो कॉक मला फेब्रुवारीतच दिसला. रोज स्वयंपाकाला लागताना उघडते आणि आटोपलं की होता तसा करून ठेवते. यांचा आनंद मोडवत नाही. काल मात्र हे दिवसभर त्यालाच टेकून उभे होते. टाकी पाठवू नका. पुढच्या वर्षी वैशाख पौर्णिमेला यांनाच चांदवडला बोलावून घ्या.