तुझ्या हातच्या गंगाजळ्या

आई,

गप्प बस, असं तू मला त्या दुपारी सगळ्यांसमोर म्हणाली होतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी काही गप्प बसलेली नाही. काल तर भर म्युझियममध्ये बोलले.

शाळेच्या मुलांना घेऊन मुंबईला गेले होते. परदेशातून आलेल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. एका काचेमागे मुठीत मावेल एवढी, शिशाची चपटी कुपी. शेकडो वर्षांपूर्वी तिकडचे यात्रेकरू तीर्थाचं पाणी तिच्यात भरून, गळ्यात अडकवून घरी नेत म्हणे. दोरी ओवायला मानेपाशी दोन इवलेसे कान. मी बघतच राहिले. सिंधी वस्तीच्या कॅम्प दोनमधल्या भांड्यांच्या कारखान्यात तू तांब्याच्या गंगाजळ्यांना असेच कान डाख लावून बसवायचीस. नवसागराचा धूर डोळ्यांत जायचा, तू पदरानं डोळे पुसायचीस आणि पुढची गंगाजळी हातात घ्यायचीस. त्या गंगेच्या पाण्यानं भरून यात्रेच्या गावी विकल्या जायच्या. आपल्या बुवापाड्यातल्या घरात मात्र एकही नव्हती. आपल्याकडे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब.

मी एकोणीस वर्षांची. कॉलेजच्या सुट्टीत तुझ्याबरोबर कामाला येते. शेट सिंधी, तसा मायाळू, पण गिऱ्हाइकासमोर तुला दुसऱ्याच आडनावानं हाक मारतो आणि तू ओ देतेस. मला ते रोज खुपतं. त्या दुपारी यात्रेच्या गावचा एक व्यापारी येतो. तुझं काम हातात घेऊन फिरवून बघतो, खूश होतो. म्हणतो, "मावशी, तुम्ही कोणातल्या?"

तू मान खाली घालतेस. शेट घाईनं म्हणतो, "अपनेवाली है, घर की औरत समझो."

"आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणते. "आणि आईचं आडनाव ते नाही."

व्यापारी गंगाजळी खाली ठेवतो. रुमालाला हात पुसतो. "शेट, लोक या देव्हाऱ्यात ठेवतात."

"मग ठेवू देत की," मी म्हणते. "पाणी तर गळत नाही ना?"

तेव्हा तू ओरडलीस. व्यापारी ऑर्डर न देताच गेला. संध्याकाळी शेट तुझ्याकडे न बघता म्हणाला, "बहन, कुछ दिन मत आना. धंदा है."

रस्त्यात तू एवढंच म्हणालीस, "तुझं खरं बोलून झालं. आता घर कोण चालवणार?"

"मी चालवीन."

आणि चालवलं. अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले, कॉलेज सोडलं नाही. तू माझ्याशी धड बोलत नव्हतीस. डबा मात्र रोज भरून द्यायचीस, तोही भांडी आपटत.

पुढे काम अडलं तेव्हा शेटनं तुला बोलावणं पाठवलं. मीही मागोमाग आले. तू उंबऱ्याच्या आत गेली नाहीस. बाहेरूनच म्हणालीस, "येते. पण हाक माझ्या आडनावानं मारायची. गिऱ्हाईक असलं तरी."

"देखते हैं, बहन."

"देखते हैं नको. आत्ता मारा."

त्यानं मारली, तीही चुकीची. तू त्याच्याकडून ती दुरुस्त करून घेतलीस आणि मगच आत पाय टाकलास. मी रस्त्यावर उभी राहून हसत होते, रडतही होते. मला मात्र तू मरेपर्यंत म्हणाली नाहीस की, पोरी, तू बरोबर केलंस. नको म्हणूस. मी परत तेच करीन.

काल तेच केलं. मुलांना म्हटलं, "माझी आई असल्या कुप्या बनवायची. आम्ही बौद्ध. तिच्या हातच्या गंगाजळ्या कितीतरी देव्हाऱ्यांत असतील आणि त्या लोकांना ते माहीतही नसेल." सोबतच्या बाई कुजबुजल्या, "अहो मॅडम, मुलांसमोर हे कशाला?"

"मुलांसमोरच," मी म्हटलं.

मग मागून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या आईला ते काम आवडायचं का?"

तुझ्या आडनावासाठी मी जगाशी भांडले, आई, पण हे तुला कधी विचारलंच नव्हतं. मी मुलांना पुढच्या दालनात घेऊन गेले.