तुझ्या निळ्या टॉवेलची दोन फडकी

प्रिय केंजी,

उद्या मीनाची शाळा सुरू होते. अमेरिकन शाळा नव्हे, ती ऑगस्टपासून चालूच आहे. तुझी शाळा, शनिवारची जपानी शाळा. तुमचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं हे मला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कळलं! पहिलीची सगळी तयारी तू करणार होतास. ती माझ्यावर टाकून सप्टेंबरमध्ये निघून गेलास, म्हणून आज तुलाच लिहायला बसले. तुला मराठी वाचता यायचं नाही, पण ऐकलेलं कळायचं. लिहून झालं की मोठ्याने वाचेन. ऐकशील ना?

नेपरव्हिलमध्ये आज ऊन आहे आणि त्या उन्हातच भुरभुर बर्फ पडतोय. अशा दुपारी सगळं थोडं खरं, थोडं खोटं वाटतं. टेबलभर मीनाच्या गणिताच्या पेटीतल्या चकत्या पसरल्यात, आमच्या काचापाणीतल्या काचांएवढ्या. प्रत्येक चकतीवर तिचं नाव हवं. प्रत्येक! मोजायच्या काड्यांवर, पेन्सिलींवर, वर्गात घालायच्या बुटांवरसुद्धा. आईबापांना इतकं कामाला कोण लावतं रे?

नावाचे स्टिकर चिकटवता चिकटवता माझा डोळा लागला. तू समोर बसला होतास. चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात चिमटा. मी म्हटलं, "वाकडा लागलाय." तू म्हणालास, "चालेल, चालेल." तुझं सगळ्यात आवडतं मराठी! जाग आली तर तुझ्या खुर्चीत मीना. "आई, यू वेअर स्मायलिंग," म्हणाली.

माझ्या आईशी फोनवर वाद घालण्याइतकं मराठी तू शिकलास. आणि मी? जपानी 'पुढच्या वर्षी शिकते' म्हणत राहिले. शाळेची यादी आली तेव्हा मी नुसती चित्रं बघत बसले. त्यात दोन फडकी होती, म्हणून दुकानातून छान नवी आणली. मीनाच्या वर्गातल्या एका मुलीची आई, हारुका, यादी समजवायला आली आणि ती बघून हसलीच. नवी नाही चालत, म्हणाली, घरातल्या जुन्या टॉवेलची शिवायची. मुलं त्यांनीच वर्ग पुसतात.

घरात जुना टॉवेल एकच. बाथरूमच्या दारामागे लटकलेला, तुझा निळा. सात महिने मी तो धुतला नव्हता. कधी कधी त्यात तोंड खुपसून उभी राहायचे. हसू नकोस.

आईला फोनवर सांगितलं तर ती भडकलीच. "गेलेल्या जावयाच्या टॉवेलचं पोतेरं करतेस? शोभतं का गं?"

मलाही तेच वाटत होतं. आमच्याकडे एखाद्याचं पोतेरं केलं म्हणजे त्याची काही किंमतच ठेवली नाही. पण मीना फोनजवळ येऊन म्हणाली, "इट्स नॉट अ पोतेरं, आजी! डॅडी सेड, सगळी किड्स रेस लावतात. डॅडी ऑल्वेज वन!"

शाळेत तुम्ही मुलं ओणवं होऊन, रांगेने फरशी पुसत शर्यत लावायचात? हे तिला सांगितलंस आणि मला नाही? राग आला मला तुझा. त्या रागातच टॉवेल मशीनमध्ये टाकला. मशीन फिरत होतं तोवर तिथेच खाली बसून रडले.

मग मधोमध कापला. घड्या घातल्या, कडेने धावदोरा, मधे फुली. टाके काही सरळ आले नाहीत. पहिल्या फडक्यावर मीनाने तिचं नाव लिहिलं. दुसऱ्यावर लिहिताना थांबली. "हे डॅडीचं," म्हणाली. वस्तू ज्याची त्याचं नाव, असाच नियम आहे ना? तू शिकवलेल्या अक्षरांत तिने 'केंजी' लिहिलं. मी खोडलं नाही.

बाई कदाचित ते परत पाठवतील. पाठवू देत. तिथे पालकांसाठीही नवशिक्यांचा वर्ग आहे, त्यात मी नाव घातलंय. आता 'पुढच्या वर्षी' नाही, शब्द देते तुला. आणि फडकं परत आलंच, तर मी स्वतः जाऊन बाईंना सांगेन, तुझ्या भाषेत. तेवढं एक वाक्य हारुकाकडून शिकले आणि सकाळपासून घोकतेय: हे तिच्या बाबांचं आहे, वर्गात राहू द्या.

उच्चार चुकला तर तिथून 'चालेल, चालेल' म्हण.

तुझी,
केतकी