अव्वाचं व्रत

कुरुंदवाड,
९ फेब्रुवारी २०२५

चि. बंधू शशिधर यास अक्काचे पुष्कळ आशीर्वाद आणि थोडा राग.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. तू वाचलं नाहीस तर जवळ बसून वाचून दाखव, असं तुझ्या बायकोला, वर्षाराणीला बजावलंय. तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, ऐकवल्याशिवाय सोडत नाही.

इकडे सगळं ठीक. हरभरा काढून झाला. काल वाडीला जाऊन बासुंदी खाल्ली. अव्वा आपल्याला चोरून खाऊ घालायची आणि अप्पांना कळू नये म्हणून घाटावर तोंडं धुवायला लावायची, आठवतं? अप्पांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काय हसायची रे ती! दुकानातली गिऱ्हाइकं कापड सोडून माडीकडे बघायची. तसं हसणं मी पुन्हा कुठे ऐकलं नाही.

मागच्या रविवारी मठाच्या हॉलमध्ये आपल्या समाजातल्या घरांसाठी कार्यक्रम झाला. मनाच्या दुखण्यावर. कोल्हापूरहून संयोगिता नावाच्या डॉक्टर आल्या होत्या, पोरगीच अगदी. त्यांना कन्नड येत नाही, आणि सीमेकडच्या म्हाताऱ्यांना मनातलं कन्नडमध्येच सांगता येतं. म्हणून इकडचं तिकडे सांगायला मला उभं केलं. मीही ऐटीत उभी राहिले.

डॉक्टर म्हणाल्या, माणूस अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही, आवडीचंही नको म्हणतो, तेव्हा तो आळस नसतो, आजार असतो. मी ते कन्नडमध्ये सांगितलं. तर मागून एक आजी उठून भांडायलाच लागली. "आमच्या पेठेत शांतव्वा होती. दिवसच्या दिवस जेवत नव्हती, बोलत नव्हती. आम्ही पाया पडून यायचो तिच्या. ती काय आजारी होती?"

आजी काय म्हणाली ते मी मराठीत सांगावं, म्हणून डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

तम्मा, लिंगपूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही ही आपल्या घरची रीत. अप्पा गेल्यावर अव्वाला उठवेना, म्हणून पूजा होईना, पूजा नाही म्हणून जेवण नाही. आपण त्याला व्रत म्हटलं. आपण कसलं, मीच म्हटलं. बायका नारळ घेऊन यायला लागल्या. शांतव्वाची लेक म्हणून मला मान मिळायला लागला आणि मला तो आवडला.

तू एकटा म्हणालास, "अक्का, हे व्रत न्हाय. अव्वाला मिरजंला डॉक्टरला दाखवूया की."

मी काय म्हणाले ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. "सोत्ताच्या गळ्यातलं लिंग खुंटीला टांगलंस, आन् आता आईला येडी ठरवतोस व्हय?" त्याच आठवड्यात तू पुण्याला गेलास. चार महिन्यांनी अव्वा गेली. आम्हांला काही कळलंच नाही, असं मी आजवर सांगत आले. कळलं होतं रे. एकदा माझा हात धरून ती म्हणाली होती, "शिवलीला, मला हसू का येत नाही गं?" मी तिच्या कपाळाला विभूती लावली आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

हॉलमध्ये हे सगळं सांगितलं, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. शांतव्वा माझी आई, आणि ते व्रत नव्हतं. आजी काठी टेकत जवळ आली. वाटलं, आता शिव्या देणार. पण ती माझ्या कानाशी म्हणाली, "माझी सून पण उठत न्हाय. डॉक्टरला इचार की जरा."

आता खरं कारण लिहिते. वर्षाराणीनं परवा रडत रडत सांगितलं, तू तीन आठवडे कामावर गेलेला नाहीस आणि ताट जसंच्या तसं परत येतं. दमलाय, होईल बरा, असं सगळे म्हणतात म्हणे. मी म्हणणार नाही. मला भीती वाटते, शशिधर.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं निघते. संयोगिताबाईंनी पुण्यातल्या डॉक्टरांचं नाव दिलंय, शनिवारी सकाळची वेळ घेतलीय. मी बरोबर येणार. भांडायचं असेल तर रिक्षात भांड, मी ऐकून घेईन. दार वर्षाराणी उघडेल. तू उठू नकोस, मीच येऊन तुझ्याजवळ बसते.

तेव्हा तुझं न ऐकलेली,
अक्का