पेटंटची पावडर

४ ऑगस्ट
नाही म्हणजे नाही! विक्कीले मी इथं आणणार नाही. आईचा पुन्हा फोन — "लहान भाऊ आहे गा तुझा, लाव ना तुझ्याच कंपनीत!" काहून नाही, हे तिले सांगताच येत नाही. कागदावर सही केली ना मी! पावडर पेटंटची आहे. जीन्स नरम करायचं नवीन एन्झाइम, बुटीबोरीत आमचीच कंपनी बनवते. मी ते पोत्यात भरतो. साहेब म्हणाले होते, "इथली गोष्ट बाहेर गेली तर जेलात जाशील."

१० ऑगस्ट
काल सुट्टी, छाती मोकळी. आज ड्युटीवर गेलो अन् श्वासात पुन्हा शिट्टी सुरू. खोलीवरचा अन् कामावरचाही जोडीदार दुर्गेश हसून राहिला — "काय बे, छातीत बासरी बसवली काय?" मीही हसलो. भेव वाटते.

१३ ऑगस्ट
बुटीबोरीतल्याच डॉक्टरीणबाईकडे गेलो. आधी शर्ट दोनदा धुतला, नखं घासली — पावडरीचा कण सापडू नये! "काम काय करता?" म्हटलं, रंगकाम. रंगापासून दूर राहा म्हणाल्या.

१४ ऑगस्ट
रंगापासून दूरच आहे. पावडरीत आहे.

१९ ऑगस्ट
पोतं शिवता शिवता खाली बसलो. श्वासच येईना. दुर्गेशनं ऑटोत टाकून बाईंकडे नेलं अन् सगळं सांगून टाकलं. मी त्याचा हात ओढून राहिलो — चूप बे, पेटंट आहे!
बाईंनी मोबाइलवर ते पेटंटच काढून दाखवलं. "पेटंट म्हणजे लपवणं नाही रे. काय बनवलं ते लिहून द्यावं लागतं, तेव्हा हक्क मिळतो. दुसऱ्यानं बनवायचं नाही, एवढंच. वाचायला सगळ्यांना मोकळं."
त्यात आमच्या कंपनीचं नाव! जगाले सगळं उघडं, अन् मी माझा दम लपवून राहिलो.
"पावडर सोड. नाहीतर छाती जन्माची जाईल."

२० ऑगस्ट
आईले खरं सांगितलं. तशी म्हणाली — "ठेकेदार गावात आला होता गा. विक्कीच्या नावानं उचल देऊन गेला. मी छपराचे पत्रे आणले त्यात. सोमवारी निघून राहिला विक्की..."
कोणत्या कामावर?
"तुझ्याच. म्हटलं, दोघं भाऊ संगं राहाल."

२२ ऑगस्ट
साहेबांकडून उचल घेतली. बदल्यात दिवाळीपर्यंत पावडर रूमच, डबल ड्युटी. मास्क मागितला — "बघू." विक्कीची उचल फेडायले आईले पाठवून राहिलो — आठ हजार.